धडधडीकडे बघायला शिकवणाऱ्या डॉ. खांबेटे

डॉ. इंदुमती खांबेटे यांच्याशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्याशी खोटं बोलून. ब्याऐंशी साल होतं, ऑक्टोबर सरत आला होता. इथे ट्रॉय गावात लाँड्री आणि डोनटचं दुकान यांच्या मधोमध त्यांचा दवाखाना आहे. तिथे माझा मुलगा सुधीर मला घेऊन गेला. बाईंनी मला नीट तपासलं, छातीचा आलेख काढला, रक्त द्यायला सांगितलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "काकू, सध्या कुठल्या गोळ्या घेता?"

"कुठल्याच नाही."

"मग या खुर्चीत बसल्या बसल्या दोन डुलक्या कशा लागल्या?"

मी पर्समधून कागदाची पुडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. सुधीर बघतच राहिला. त्यालाही ठाऊक नव्हतं.

पुडीची हकिकत सांगायला हवी, कारण तिथूनच सगळं सुरू होतं. आदल्या वर्षी माझे यजमान गेले. साताऱ्याचं घर बंद करून मी मुलाकडे आले. नातू रोहन तेव्हा सहा महिन्यांचा. मी त्याला सांभाळायचं आणि सूनबाईंनी, मेधाने, नोकरी धरायची असं ठरलं होतं. दोन वर्षं अर्ज करून तिला बँकेत जागा मिळत होती. आणि इथे आल्यावर दुसऱ्याच महिन्यात, किराणा दुकानात न्याहारीच्या सीरियलच्या खोक्यांसमोर उभी असताना माझ्या छातीत धडधड सुरू झाली. हातपाय गार, श्वास पुरेना, आता आपण गेलो अशी खात्री. इमर्जन्सीत नेलं. हृदय ठणठणीत. पुन्हा झालं, पुन्हा नेलं, पुन्हा ठणठणीत. तिसऱ्या वेळी तिथला डॉक्टर सुधीरशी बोलताना माझ्याकडे बघेना. मग मला कळलं की मी आता पेशंट राहिले नव्हते, उपद्रव झाले होते.

तेव्हा आपल्या बायकांमध्ये एक रीत होती, अजून असेल तर लाजा. हळदीकुंकवाला जमलं की रेसिपीबरोबर गोळ्यांचीही देवाणघेवाण चालायची. भारतातून येताना कुणी काय आणलं, इथल्या डॉक्टरने कुणाला काय दिलं, सगळं वाटून घ्यायचं. आमच्या विमल दामल्यांनी मला पिवळ्या गोळ्यांची पुडी बांधून दिली. "घ्या हो काकू, मी तीन वर्षं घेते. डोकं कसं शांत राहतं." डोकं शांत राहिलं. इतकं शांत की एका दुपारी मेधा मुलाखतीहून परतली तेव्हा मी सोफ्यावर घोरत होते आणि रोहन तळघराच्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी रांगत पोचला होता. मेधाने त्याला उचललं, मला उठवलं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात सुधीरने माझ्या परतीच्या तिकिटाची चौकशी केली. मेधा म्हणाली, "मी बँकेला नाही म्हणून कळवते. आईंना एकटं ठेवता येणार नाही आणि रोहनला आईंबरोबर ठेवता येणार नाही." बरोबरच होतं तिचं. साताऱ्यात घर होतं, घरात माणूस नव्हतं. पण माझ्यापायी पोरीची नोकरी जाते हे मला जास्त लागलं. दवाखान्यात जाणं हा शेवटचा उपाय होता, म्हणून गेलो.

तर पुडी टेबलावर. बाईंनी त्यातली एक गोळी उचलून पाहिली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या एकदम बंद करायच्या नाहीत. मी लिहून देते तशा कमी करायच्या."

सुधीर घाईला आलेला. "मॅडम, मग तुम्हीच एखादी प्रॉपर गोळी द्या ना. मेधाला जानेवारीत जॉइन व्हायचंय."

"देता येईल. बऱ्याच जणांना देतेही. पण यांना एकटीने घरात राहून वर्षाच्या पोराच्या मागे धावायचंय. झोप येऊन चालणार नाही. मला जानेवारीपर्यंतचा वेळ द्या आणि काकूंना दर गुरुवारी शेवटची वेळ. नाही जमलं तर आपण पुन्हा बोलू."

"आणि तोपर्यंत असं काही झालं तर?"

"होईल ना. झालंच पाहिजे. नाहीतर शिकणार कशावर?"

मी सुधीरला मराठीतच म्हटलं, ऊठ, ही बाई चक्रम आहे. त्या नागपूरच्या, मराठी त्यांना माझ्याइतकंच येत होतं, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. बाई हसल्या आणि त्यांनी मला एक वही दिली.

मी चौथी शिकलेली. अक्षर कोंबडीचे पाय. वहीत चार रकाने आखून दिले होते. कधी झालं, तेव्हा काय करत होते, काय होईल असं वाटलं, आणि खरं काय झालं. मी इमानदारीने लिहायला लागले. तिसऱ्या रकान्यात 'मरणार'. चौथ्यात 'मेले नाही'. दुसऱ्या दिवशी 'मरणार', 'मेले नाही'. अकरावी ओळ लिहिताना माझं मलाच हसू आलं. एखाद्या नोकराने अकरा वेळा दूध उतू गेलं म्हणून ओरडावं आणि अकराही वेळा पातेलं थंड असावं, तर बाराव्या वेळी मी पळत जाईन का? बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पळत जाऊ नका. चालत जा आणि पातेलं बघा. कुठून सुरू होतं? हातातून की पोटातून? वाढतं किती वेळ? उतरतं कसं? मला येऊन सांगा. मला खरंच जाणून घ्यायचंय."

आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. साठ वर्षांत मला एवढं कुणी विचारलं नव्हतं. मान हलवत, पुढच्या पेशंटकडे डोळा ठेवून विचारणं वेगळं. बाई खुर्ची ओढून समोर बसायच्या आणि मी तळव्यांना मुंग्या येतात म्हटलं की विचारायच्या, "दोन्ही? एकदम? की आधी उजव्या?" पुढच्या वेळी मुंग्या आल्या तेव्हा मी घाबरायच्या ऐवजी आधी उजव्या की डाव्या हे बघत बसले. डाव्या होत्या. बघता बघता गेल्या.

एका गुरुवारी त्यांनी मला तपासणीच्या टेबलाजवळच्या छोट्या पायरीवर चढायला-उतरायला लावलं. आलेख चांगला आहे, रक्त चांगलं आहे, तेव्हा चढा म्हणाल्या. मी हट्टाने म्हटलं, तुम्हीही चढा. चढल्या. देह भारदस्त, त्यामुळे माझ्याआधी त्यांनाच धाप लागली. दोघी भिंतीला टेकून धापा टाकतोय तर बाईंनी विचारलं, "ही धडधड कसली?"

"ही पायरीची."

"आणि दुकानातली?"

"ती मरणाची."

"छातीवर हात ठेवा आणि सांगा, दोन्हींत फरक काय?"

मी हात ठेवला. बराच वेळ ठेवला. फरक सापडेना. तीच धडधड, तोच घाम, तोच कोरडा घसा. तेव्हा मात्र मला प्रश्न पडला आणि तो मी त्यांच्यावरच टाकला. "मग एकीला मी भीत नाही आणि दुसरीला भिते, हे कुणी ठरवलं?"

"बैल अंगावर आला तर पळता यावं म्हणून शरीर तयारी करतं, काकू."

"ट्रॉयमध्ये बैल कुठला?"

"तेच तर शरीराला कळत नाही."

"पण मलाच का? विमलला का नाही? सुधीरला का नाही?"

बाई म्हणाल्या, "ते मला ठाऊक नाही."

डॉक्टरांच्या तोंडून एवढे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. ज्याला आपल्याला काय ठाऊक नाही ते ठाऊक आहे, त्याचं उरलेलं बहुतेक खरं असतं.

मात्र त्यांनी शोध सोडला नाही. एकदा सहज विचारलं, यजमान कसे गेले. मी सांगितलं, दुपारी आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी स्वयंपाकघरात होते, तासाभराने चहा घेऊन गेले तेव्हा कळलं. बाईंनी सांत्वन वगैरे काही केलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. एवढंच विचारलं, "तेव्हा घरात आवाज नव्हता?"

"नाही."

"आणि इथल्या घरात दुपारी?"

"मसणात असतो तेवढा."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला म्हणाल्या की आता दुपारी रेडिओ लावायचा नाही. मी रेडिओ लावून दुपार ढकलत होते हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. कसं ओळखलं ते आजवर विचारते आहे, सांगत नाहीत. तेव्हापासून रोज एक वाजता, मेधा घरात असतानाच, मी त्या शांततेत रोहनजवळ बसायचे. पहिले तीन दिवस अंगाला दरदरून घाम. चौथ्या दिवशी घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी चालू-बंद होते त्याचा आवाज येतो हे लक्षात आलं. पाचव्या दिवशी कळलं की घर शांत नसतंच, आपण ऐकत नाही.

त्यांच्या दवाखान्याबद्दलही लिहायला हवं. तिथे वेळेवर काही होत नाही. पाचची वेळ म्हणजे सहा. कारण ज्याचं बोलणं अर्धं राहिलंय त्याला बाई उठवत नाहीत. ताटकळताना मी पोटावर हात ठेवून श्वास लांबवायचा अभ्यास करायचे. श्वास सोडायचा सावकाश, घ्यायची घाई नाही. एकदा समोर एक गोरा माणूस बसला होता, गाड्यांच्या कारखान्यातला, दाराएवढा उंच. बघते तर त्याचाही हात पोटावर आणि ओठांचा चंबू. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्याने हवेत स्टिअरिंग फिरवलं, मोठ्ठा रस्ता दाखवला, मग छातीवर हात आपटून डोळे पांढरे केले. मी ट्रॉली ढकलून दाखवली, छातीवर हात आपटला आणि जीभ बाहेर काढली. तो एवढा हसला की रिसेप्शनिस्ट बाहेर आली. मला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी नाही, पण दोघांची पूर्ण हकिकत दोन मिनिटांत झाली. आपल्याला वाटतं हे आपल्यालाच, परक्या देशात आल्यामुळे. त्याचा तर जन्मच इथला.

डिसेंबरात बाई मला स्वतःच्या गाडीतून त्याच किराणा दुकानात घेऊन गेल्या. दवाखाना बंद करून, बर्फातून. चाळीसच्या रस्त्यावर वीसने गाडी चालवतात, मागचे लोक भोंगे वाजवतात, यांना पत्ता नाही. मी म्हटलं, मला दुकानापेक्षा तुमच्या ड्रायव्हिंगची भीती वाटते. दुकानात सीरियलच्या रांगेत मला उभं केलं आणि म्हणाल्या, "सुरू झालं की इथेच उभ्या राहा. उतरायला लागलं की या. मी गाडीत आहे." आणि निघून गेल्या. मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या मंडळाच्या या अंकात छापता येणार नाहीत. धडधड आली. मी उभी राहिले. चढली, टिकली, मग उतरायला लागली. शेवटी कंटाळा आला म्हणून खोक्यांवरची चित्रं बघितली आणि रोहनसाठी वाघाचं चित्र असलेलं एक खोकं घेऊन बाहेर आले. बाई गाडीत सफरचंद खात होत्या. "उतरली?" "उतरली." "कधी?" "मी बघायची सोडली तेव्हा." त्यांनी सफरचंद खायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "हे मला कुठल्या पुस्तकात नाही मिळालं असं," म्हणाल्या. ती शाबासकी मी जपून ठेवली आहे.

काही लोक म्हणतात, खांबेटेबाई औषधाच्या विरुद्ध आहेत. हे खोटं आहे आणि ते पसरवण्यात थोडा हात माझाही आहे. बरं वाटायला लागल्यावर मी संक्रांतीच्या हळदीकुंकवात मोठ्या तोऱ्यात सांगितलं की गोळ्या कचऱ्यात टाका, मी टाकल्या. विमलने त्याच दिवशी तीन वर्षांच्या गोळ्या एकदम सोडल्या आणि तिसऱ्या दिवशी तिला थरथर सुटली. बाईंनी तिला सांभाळलं, पुन्हा गोळी सुरू केली आणि मला बोलावून घेतलं. बाई रागावल्या ते तेवढं एकदाच. आवाज न चढवता. "तुमच्या गोळ्या कमी करायला किती दिवस घेतले आपण? ते सांगितलंत का?" नव्हतं सांगितलं. मग स्वतःच म्हणाल्या, "चूक माझी. का ते समजावलं नाही मी तुम्हाला." माझ्या चुकीत त्यांनी वाटा घेतला, तो मला टोचला. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात बाईंनी सगळ्यांना सांगितलं, दुसऱ्याची गोळी ज्यांच्याकडे असेल त्यांनी दवाखान्यात आणून द्यावी, कुणाला नाव विचारणार नाही. बायका स्टीलच्या डब्यांत, लोणच्याच्या बरण्यांत, एक तर पानपुड्यात भरून घेऊन आल्या. विमल आजही अर्धी गोळी घेते. तिला ती लागते, आणि ती बाईंनी मोजून दिलेली आहे.

आता जानेवारीतला तो सोमवार. आदल्या गुरुवारी सुधीरने विचारलं, "मॅडम, आईला पहिल्या दिवशी काही झालं तर ती तुम्हाला फोन करू शकते ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "होऊन गेल्यावर करा. होत असताना नाही."

मेधाचा चेहरा उतरला. मलाही ते निर्दय वाटलं. गाडीत मेधा एवढंच म्हणाली, "आई, खरं सांगा. मी नको जाऊ का?" मी म्हटलं, "जा. मी सांगते म्हणून नाही, मला बघायचंय म्हणून जा."

सोमवारी मेधा साडेसातला गेली. साडेदहाला रोहन उंच खुर्चीत वरणभात खात होता, मी दुसरा कुकर लावला होता, आणि ती आली. आधी डाव्या तळव्यात. मग पोटात. मग छातीत, सगळा फौजफाटा घेऊन. भिंतीवरचा फोन चार पावलांवर. मी फोनकडे पाहिलं. मग रोहनला पुढचा घास दिला. हात थरथरत होता, भात त्याच्या नाकाला लागला, तो खिदळला. मी त्याला म्हटलं, "हस लेका, आजीचा बैल आलाय." कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा धडधड पुरती वर होती. दुसऱ्या शिट्टीला तशीच. तिसऱ्या शिट्टीनंतर मी गॅस बंद केला आणि लक्षात आलं की गॅस बंद करायचं मला सुचलं होतं. म्हणजे उतरत होती. रोहनचं तोंड पुसलं, त्याला खाली उतरवलं, तळघराच्या जिन्याचं दार नीट लागलंय ते पाहिलं, आणि मग फोन केला.

पलीकडे रिसेप्शनिस्ट नव्हती. पहिल्याच घंटीला बाईंनी स्वतः उचलला.

"किती वेळ?" बाईंनी विचारलं.

"तीन शिट्ट्या."

"आणि आता?"

"आता भूक लागलीय."

मग म्हणाल्या, "जेवा मग. मीही जेवते."

तेव्हा सकाळचे अकरा वाजायचे होते. बाई अकराच्या आत कधीही जेवत नाहीत. पुढे कितीतरी महिन्यांनी रिसेप्शनिस्टकडून सुधीरला कळलं की त्या दिवशी बाईंनी साडेसातपासून सगळे पेशंट त्या फोनच्या खोलीतच तपासले, नाश्ता केला नाही, आणि कुणाला त्या फोनला हात लावू दिला नाही. मी हे त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "त्या दिवशी लाइन खराब होती." आजवर त्यांनी मला इतकं वाईट खोटं दुसरं सांगितलेलं नाही.

सात वर्षं झाली. मी इथेच आहे. धडधड अजून कधी येते, वर्षातून तीन-चारदा, जुन्या पाहुण्यासारखी. मी तिला बसा म्हणते आणि माझं काम करते. मेधा बँकेत वरच्या जागेवर गेली. रोहन शाळेत आहे, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो. बाईंकडे हल्ली गुरुवारी दोन तरुण डॉक्टर शिकायला येतात. त्यातला एक इथेच जन्मलेला मराठी मुलगा आहे. परवा तो मला म्हणाला, "आजी, डॉक्टर खांबेटे इतका टाइम कसा देतात? इट्स क्रेझी." मी म्हटलं, "तू विचार त्यांना. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणतील."

डॉक्टरबाईंना साठ पूर्ण होत आहेत. मी वयाने मोठी, तेव्हा आशीर्वाद द्यायचा हक्क मला आहे आणि तो मी वापरते. इंदुमतीबाई, गुडघे सांभाळा, आम्हाला पायऱ्या चढायला लावता तशा स्वतःही रोज चढत राहा, दुपारी वेळेवर जेवा आणि मोठ्या रस्त्यावर तेवढी दुसऱ्याला गाडी चालवू द्या. तुमची तब्येत ठणठणीत राहो आणि तुमच्या गुरुवारांची संख्या उदंड होवो. आमच्या घरची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. पहिल्या वर्षी मेधा सकाळी गाडी मागे घेऊन रस्त्यावर आणायची, थांबायची, आणि माझ्या खिडकीकडे बघायची. मी हात केला की मगच निघायची. ती थांबायची कधी बंद झाली ते तिलाही आठवत नाही, मलाही नाही. आता ती सरळ जाते.